स्टीअरिंग सरळ, गाडी तिरकी

महामार्गावर एखाद्या मालट्रकच्या मागे अडकलात तर कधीतरी हे दिसतंच. ट्रक आपल्या रांगेत सरळ चाललेला असतो, पण त्याचं धूड तिरकं असतं. मागून बघताना त्याची एकच बाजू लांबलचक दिसते आणि केबिन हातभर बाजूला सरकल्यासारखी वाटते. ड्रायव्हर निवांत असतो, कारण त्याच्या हातातलं स्टीअरिंग काही तक्रार करत नाही. मागचा अॅक्सल, म्हणजे मागच्या चाकांना जोडणारा दांडा, पाट्यांवरून (पट्ट्यांच्या स्प्रिंगांवरून) सरकला आहे हे मागच्या गाडीवाल्याला कळतं, त्याला नाही.

आपल्या मोटारीतही हा प्रकार होतो. फरक इतकाच की तो हाताच्या नाही, मिलिमीटरच्या मापात होतो. डोळ्यांना दिसत नाही, टायरला मात्र कळतो. पावसाळा संपला की अलाइनमेंटच्या दुकानांपुढे रांगा लागतात. खड्ड्यांनी हैराण झालेले लोक ‘गाडी डावीकडे ओढते’, ‘टायर खाते’ असं सांगतात. दुकानदार पुढची चाकं जुळवतो, पावती देतो आणि सहा महिन्यांनी तोच माणूस त्याच रांगेत उभा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल आणि एकदा अलाइनमेंट करूनही त्रास जात नसेल, तर पुढे शोधणं थांबवून मागे वाकावं.

दोन कोन कळले की पुरे

पहिला टो. गाडीकडे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड नाकासमोर आहे, की आत-बाहेर वळलेलं आहे, याचं हे माप. काही माणसांचे चालताना अंगठे आत वळतात, काही फेंगडी चालतात. चाकांची तोंडं आत वळलेली असली तर टो-इन, फेंगडी असली तर टो-आउट.

दुसरा कॅम्बर. गाडीकडे समोरून किंवा मागून पाहिलं तर चाक ओळंब्यात उभं आहे की कललेलं? वरून आत कललं तर उणे, बाहेर कललं तर अधिक. मागच्या सीटवर चौघं कोंबलेली आणि डिकीत बोचकी भरलेली जुनी इंडिका टॅक्सी आठवा. मागची चाकं खाली फाकलेली आणि वर आत आलेली दिसायची. तो उणे कॅम्बर.

ही मापं अंशात आणि मिनिटांत देतात. एका अंशाची ६० मिनिटं. १४ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत १ मिलिमीटरचा फरक पडला, तर तो साधारण १० मिनिटांचा टो. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुकाणू मागे असतं

होडीचं सुकाणू मागे असतं, आणि ते किंचित वाकडं बांधलं गेलं तर पुढे बसलेल्याने कितीही नेम धरला तरी होडी तिरकीच जाते. मोटार पुढच्या चाकांनी वळवतात म्हणून आपल्याला वाटतं की दिशा तीच ठरवतात. पण सरळ रस्त्यावर मागची दोन चाकं मिळून ज्या रेषेवर गाडीला नेतात, त्या रेषेला पुढच्या चाकांना जुळवून घ्यावं लागतं. या रेषेला थ्रस्ट लाइन म्हणतात. गाडीची मधली रेषा आणि ही रेषा यांच्यातला कोन म्हणजे थ्रस्ट अँगल. तो शून्य असावा. काही मिनिटं इकडेतिकडे चालतात.

काढायचा कसा? डाव्या मागच्या चाकाच्या टोमधून उजव्याचा वजा करायचा आणि निम्मा करायचा. माझ्या जुन्या हॅचबॅकचं उदाहरण घेतो. डाव्या चाकाचा टो-इन ५० मिनिटं निघाला, उजव्याचा १०. म्हणजे थ्रस्ट अँगल २० मिनिटं. ऐकायला किरकोळ. पण डावं चाक आत, म्हणजे उजवीकडे तोंड करून होतं, त्यामुळे गाडीचा पार्श्वभाग सतत उजवीकडे सरकायचा आणि नाक डावीकडे जायचं. सरळ जायचं तर स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागायचं. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेल्या गाडीत २० मिनिटं म्हणजे मागची चाकं पुढच्यांच्या मागातून सुमारे १४ मिलिमीटर बाजूला पळणं.

टायरचं काय होतं ते याहून वाईट. दोन्ही मागच्या चाकांचा टो मिळून एक अंश झाला, तर प्रत्येक चाक आपल्या प्रवासाच्या रेषेला अर्धा अंश तिरकं घासत जातं. एक किलोमीटर धावताना ते पावणेनऊ मीटर आडवं फरफटतं, दहा हजार किलोमीटरमध्ये सत्त्याऐंशी किलोमीटर. यात गंमत अशी की हा भार दोन्ही चाकं सारखाच वाटून घेतात. दोष डाव्या चाकात असला तरी निर्दोष उजवंही झिजतं. म्हणून नुसत्या टायरकडे बघून कुठलं चाक वाकडं ते दर वेळी सांगता येत नाही.

‘पण स्टीअरिंग तर सरळ आहे!’

माझीही हीच समजूत होती. एका पावसाळी रात्री वळणावर गाडी घसरली आणि डावं मागचं चाक फुटपाथच्या कडेवर आदळलं. रिमला ओरखडा, बाकी काही नाही. त्यानंतर आठ महिन्यांत तीन वेळा अलाइनमेंट केली. पहिल्यांदा दुकानातून बाहेर पडलो तर सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरकं. परत गेलो. दुकानातल्या मुलाने गाडी चालवून पाहिली, टाय रॉड (स्टीअरिंगला पुढच्या चाकांशी जोडणारे दांडे) थोडे फिरवले आणि स्टीअरिंग सरळ करून दिलं. मी खूश.

त्याने काय केलं होतं? मागची चाकं गाडीला ज्या तिरक्या रेषेवर नेत होती, त्याच तिरक्या रेषेवर पुढची चाकं आणून ठेवली होती. चष्म्याची एक काडी वाकली म्हणून मान वाकडी करून वाचण्यातला प्रकार. वाचता येतं, मान दुखते. स्टीअरिंग सरळ असणं हा मागची चाकं सरळ असल्याचा पुरावा नाही. उलट, स्टीअरिंग सरळ, गाडी ओढत नाही आणि तरीही मागचे टायर खाल्ले जातात, ही मागच्या दोषाची खास खूण आहे.

हा फक्त टायरच्या खर्चाचा प्रश्नही नाही. कंपन्या मागच्या चाकांना बहुधा थोडा टो-इन ठेवतात, कारण त्याने गाडीची शेपूट स्थिर राहते. मागचं चाक टो-आउटमध्ये गेलं तर ओल्या रस्त्यावर अचानक लेन बदलताना मागचा भाग हलका वाटतो, सुटल्यासारखा. ते मला टायरपेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

आधी टायर वाचा, मग बाकीचे संशयित बाद करा

मागच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर दोष टोमध्ये. एकच कड सपाट झाली असेल आणि करवत नसेल तर कॅम्बरकडे बघा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागची बाजू हलकी असते, त्यामुळे टो बिघडला की मागच्या टायरवर कधीकधी तिरके खळगे पडतात आणि ‘घुं-घुं’ आवाज येतो. लोक तो बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलतात. शॉकअप गेला असेल तरी खळगे पडतात, हेही खरं.

गाडी ओढत असेल तर आधी हवा तपासा. मग रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून आपल्या रस्त्यांना कडेकडे उतार असतो, आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे निरोगी गाडीही जरा डावीकडे झुकते. पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहा. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरचा. पाच-दहा किलोमीटर चालवून चारही रिमांजवळ हात न्या. एकच रिम जास्त तापली असेल तर ब्रेक चिकटतोय.

एवढ्यातून काही निघालं नाही, तर सकाळी रिकाम्या रस्त्यावर एखाद्या डबक्यातून सरळ गाडी काढा आणि उतरून ओले पट्टे बघा. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर मुळातच थोडं वेगळं असू शकतं, म्हणून पट्टे एकावर एक पडलेच पाहिजेत असं नाही. पण डावीकडे जितका फरक, तितकाच उजवीकडे हवा. एका बाजूला मागचा पट्टा बाहेर आणि दुसऱ्या बाजूला आत असेल, तर गाडी तिरकी पळते आहे.

दोरी, ओळंबा आणि पट्टी

महागडं मशिन येण्यापूर्वी हे काम दोरीने व्हायचं, आणि आजही होतं. साहित्य गवंड्याच्या पिशवीतलं: लाइनदोरी, ओळंबा, पाणसळ. शिवाय एक स्टीलची पट्टी, दोन सारख्या लांबीचे पाइप आणि ते टेकवायला चार स्टुलं.

जागा सपाट हवी. सोसायटीच्या पार्किंगमधली फरशी बहुधा चालते, पण पाणसळ लावून खात्री करा. टायरमध्ये नेमकी हवा, डिकी रिकामी, स्टीअरिंग सरळ बांधलेलं. गाडी जॅकवर चढवून उतरवली असेल तर तशीच मोजू नका. दोन-चार मीटर पुढे ढकला, कोपरे दाबून हलवा, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात.

दोन्ही पाइपांवर सारख्याच अंतरावर खाचा करा. एक पाइप बंपरच्या पुढे आडवा, दुसरा मागे. खाचांतून दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणून बांधा, चाकाच्या मध्याच्या उंचीवर. पाइपांवरची अंतरं सारखी असल्यामुळे दोऱ्या एकमेकींना समांतरच राहतात. आता पाइप आडवे सरकवत असं जुळवा, की पुढच्या डाव्या आणि उजव्या हबपासून (चाकाच्या मधल्या तुंब्यापासून) दोरीचं अंतर सारखं आणि मागच्या दोन हबपासूनही सारखं. पुढचं आणि मागचं एकमेकांशी जुळायची गरज नाही. सगळी कटकट याच जुळवाजुळवीत आहे, पुढचं काम पाच मिनिटांचं.

मागच्या चाकाच्या रिमची पुढची कड दोरीपासून किती दूर, मागची कड किती दूर, ते मोजा. पुढची कड जास्त दूर म्हणजे टो-इन. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी घ्या, नाहीतर वाकडी रिम तुम्हाला अॅक्सल वाकडा असल्याचं सांगेल. माझ्या गाडीत डावीकडे ५ मिलिमीटरचा फरक निघाला, उजवीकडे १ चा. मिनिटांत मोजलं तर ५० आणि १०.

कॅम्बरसाठी ओळंबा रिमजवळ सोडून वरची आणि खालची कड मोजायची. दोन्ही बाजूंची तुलना महत्त्वाची, कारण काही गाड्यांत मागे थोडा उणे कॅम्बर मुळातच असतो.

आकड्यांवरून गुन्हेगार ओळखणं

मला सगळ्यात रस वाटतो तो इथे. मागच्या दोन टोंची एकमेकांशी तुलना केली की दोषाची जात कळते.

दोन्ही चाकं सारखीच, पण उलट दिशांनी बिघडली असतील, म्हणजे एक २० मिनिटं आत आणि दुसरं २० मिनिटं बाहेर, तर कुठलंच चाक वाकडं नाही. आख्खा अॅक्सल फिरला आहे, खोलीत गालिचा तिरका अंथरावा तसा. दोष बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी नळीत), आर्ममध्ये (अॅक्सलला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यात) किंवा तो जिथे बॉडीला जोडलाय तिथे. पडताळा म्हणून दोन्ही बाजूंच्या पुढच्या-मागच्या हबमधून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा करा आणि अंतरं मोजा. चाकांत १.४ मीटर रुंदी असेल तर २० मिनिटांच्या फिरण्याने दोन बाजूंत ८ मिलिमीटरचा फरक पडतो. फक्त पुढचं चाकही मागे सरकलेलं असू शकतं, म्हणून या एकाच मापावर निकाल देऊ नका. आणि एक मजेदार अपवाद: फ्रान्सच्या जुन्या रेनो ४ मध्ये डाव्या-उजव्या बाजूंत जवळपास ५ सेंटिमीटरचा फरक कारखान्यातूनच असायचा, कारण मागचे दोन आडवे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, एकामागे एक बसवलेले होते.

याउलट एकाच चाकाचा आकडा बिघडला असेल आणि दुसरं जिथल्या तिथे असेल, तर त्या चाकाचंच काहीतरी वाकलं आहे. सोबत त्याच चाकाचा कॅम्बरही बिघडला असेल तर संशय पक्का.

आता गाडीच्या पोटाखाली काय आहे ते बघा. अँबॅसिडर आणि पद्मिनीत मागे पाट्यांवर बसलेला अॅक्सल. यू बोल्ट सैल झाले आणि मधला सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल पाट्यावरून सरकतो. महामार्गावरच्या त्या ट्रकचं दुखणं हेच. ऑल्टो आणि जुन्या वॅगनआरमध्ये कॉइल स्प्रिंग, दोन मागे जाणारे आर्म आणि अॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा रॉड. आर्मचं बुश गेलं तर अॅक्सल फिरतो, आडव्या रॉडचं गेलं तर तो बाजूला सरकतो आणि वळणावर मागे ‘टक्’ असा आवाज येतो.

१९९८ च्या अखेरीस आलेल्या इंडिकात दोन्ही मागची चाकं स्वतंत्र, तिरक्या बिजागरीवर झुलणाऱ्या आर्मवर. बिजागरी तिरकी असल्यामुळे आर्म वर गेला की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. म्हणून अशा गाडीत हबच्या मध्यापासून चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजा. एक स्प्रिंग बसली असेल तर फक्त त्यामुळेच आकडे बिघडतात, आणि काहीच वाकलेलं नसतं.

अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन आर्म आणि त्यांना जोडणारी, पीळ पडू देणारी एक आडवी तुळई. बुश दोनच. ही दोन बुशं आणि टोकाला बोल्टने बसवलेला स्टब, म्हणजे चाक ज्या खुंट्यावर फिरतं तो, एवढेच मुख्य संशयित. माझ्या गाडीत स्टबच वाकला होता.

मोजण्याआधी एक तपासणी सगळ्या गाड्यांना लागू. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर आधी बेअरिंग, कारण ढिल्या चाकाचा कोन मोजण्यात अर्थ नाही. खाली शिरायचं असेल तर गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीही नाही.

‘मागचं सेटच होत नाही, मग मोजायचं कशाला?’

दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. अर्धं खरं आहे. टॉर्शन बीम किंवा अखंड अॅक्सल असलेल्या गाडीत मागे फिरवायला नट सहसा नसतोच. पण ताप मोजतो तो थर्मामीटरने ताप उतरावा म्हणून नव्हे. जिथे जुळवायची सोय नाही तिथे आकडा बिघडला, याचा अर्थ काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सरकलंय.

कॅमेऱ्याच्या मशिनवर चारही चाकांना कॅमेऱ्याने वाचायच्या खुणांच्या पाट्या लावून गाडी पुढे-मागे ढकलतात आणि सगळे कोन एकदम मिळतात. मागच्या चाकांना पाट्या लागल्याच नाहीत तर तुम्ही फक्त पुढच्या अलाइनमेंटचे पैसे देताय. कागद मागा, आणि काम सुरू करण्याआधीचा मागा. त्यावर मागच्या दोन टोंचे आकडे आणि थ्रस्ट अँगल शोधा. हिरवा-लाल रंग बघून थांबू नका. एकूण टो हिरव्यात असूनही थ्रस्ट अँगल बिघडलेला असू शकतो, फिरलेल्या अॅक्सलमध्ये नेमकं तसंच होतं.

वाकलेला बीम तापवून किंवा साखळीने ओढून ‘सरळ करून देतो’ म्हणणारे भेटतील. बीमचं पोलाद विशिष्ट पीळ सहन करायला घडवलेलं असतं. तापवलं की त्याचा गुण बदलतो आणि सांध्याला पुढे तडा जाऊ शकतो. त्यापेक्षा अपघात न झालेल्या गाडीचा जुना बीम बरा. किरकोळ फरक असेल तर काही गाड्यांसाठी स्टबच्या मागे घालायच्या पाचरीसारख्या पातळ चकत्या मिळतात. पण आधी वाकलेलं काही उरलं नाही याची खात्री करा.

जुन्या गाडीवर एवढा खर्च?

माझ्या गाडीला लागलेला स्टब एका नव्या टायरपेक्षा स्वस्त पडला. बुशांची जोडीही सहसा परवडते, मजुरी जास्त लागते. बुश बदलताना मात्र समोर उभे राहा. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबकळत असतात. त्याच अवस्थेत बोल्ट शेवटपर्यंत आवळला तर गाडी खाली आल्यावर बुशाचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हातसैल ठेवायचा, गाडी चाकांवर उभी करायची आणि मगच आवळायचा. गर्दीच्या दिवशी ही पायरी गाळली जाते.

खर्च करू नये अशी एकच अवस्था मला दिसते. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीत आर्म जिथे बॉडीला जोडलेला असतो, तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज टणक आला तर पुढे चला. भुसभुशीत आला, पापुद्रे गळाले, टोक आत गेलं, तर नवं बुश बसवायला खाली काही उरलेलं नाही. अशा गाडीचा आधी पत्रा कापून नवा जोडावा लागतो, आणि त्याचा अंदाज मेकॅनिककडून नाही, डेंटरकडून घ्यावा.